विद्यापीठाच्या वाटेवरील धोके



जून महिना आला, की ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेली असते, त्या घरात दुसरा विषय निघत नाही. पुढे कोणता विषय घ्यावा, प्रवेश मिळेल काय, फी किती पडेल, शिक्षण संपल्यावर नोकरीची आशा कितपत, ह्या प्रश्नांचा दिवसरात्र ऊहापोह चालतो. नातेवाईकांचा सल्ला घेतला जातो, जुन्या शिक्षकांचे दार ठोठावले जाते. परंतु मूल त्या विद्यापीठात रोज जाणार कसे आणि परत येणार कसे, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी निघतो, आणि "जाईल स्कूटरने, सगळेच जातात" एवढ्या एका वाक्यात त्याचा निकाल लागतो. आजच्या भाषणात ह्या शेवटच्या प्रश्नाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. ज्या वाटेवरून मूल वर्षाकाठी शेकडो वेळा जाणार आहे, त्या वाटेचा विचार विषयाच्या निवडीइतकाच गांभीर्याने करावयास हवा, असे माझे मत आहे.

ही वाट एवढी लांब कशी झाली, हे प्रथम पाहू. गोव्यात १९६१ पूर्वी आजच्या अर्थाने महाविद्यालये नव्हती. मुक्तीनंतर १९६२ साली मडगावला चौगुले महाविद्यालय व पणजीला धेंपे महाविद्यालय सुरू झाले. पुढे १९६५ साली मुंबई विद्यापीठाने पदव्युत्तर शिक्षणाचे आपले केंद्र पणजीत उघडले. त्या काळी उच्च शिक्षण शहराच्या अंगणात होते. विद्यार्थी बसमधून उतरला की पायी वर्गात पोहोचे. १९८५ साली गोवा विद्यापीठ अस्तित्वात आले आणि त्याचा संसार ताळगावच्या पठारावर मांडला गेला. जागा रम्य आहे, ह्यात शंका नाही. खाली जुवारीचे मुख, समोर समुद्र, भोवती मोकळे माळरान. अध्ययनाला अशी शांतता लाभणे हे भाग्यच. परंतु शांत जागा म्हणजे वस्तीपासून दूर असलेली जागा, आणि दूर असलेल्या जागेची किंमत रोजच्या प्रवासाच्या रूपाने कोणाला तरी मोजावी लागते. ती किंमत विद्यार्थी मोजतो.

हे एकट्या गोव्याचे नव्हे. बेळगावकरांना राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली मिळाले, ते शहराबाहेर, महामार्गावरील भूतरामनहट्टी येथे. हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ १९७४ साली स्थापन झाले, ते जुन्या शहरापासून कित्येक कोस दूर, गच्चीबावलीच्या माळावर. इंदूरच्या विद्यापीठाचा मोठा परिसर खंडवा मार्गावर आहे. विद्यापीठाला विस्तीर्ण भूमी लागते, ती शहराच्या पोटात मिळत नाही. म्हणून ते बाहेर जाते आणि त्याच्या मागोमाग हजारो तरुण रोज रस्त्यावर येतात. गोव्याची वाट मला अधिक परिचयाची असल्यामुळे तिचेच उदाहरण घेऊन बोलते. इतर ठिकाणच्या श्रोत्यांनी त्यात आपापल्या गावाची नावे घालून पाहावीत.

गोव्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, आणि ह्या दोन नद्यांच्या मध्ये तिसवाडी. विद्यापीठ तिसवाडीत. म्हणजे पेडणे, म्हापसा, डिचोली येथून येणाऱ्या विद्यार्थ्याला मांडवीकडून, आणि मडगाव, वास्को, केपे, काणकोण येथून येणाऱ्याला जुवारीकडून यावे लागते. पूर्वी ह्या नद्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागत. मांडवीवर १९७० साली पूल झाला, तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि लोकांना पुन्हा फेरीबोटीचा धावा करावा लागला. जुवारीवरचा पहिला पूल १९८३ सालचा. आता मांडवीवर २०१९ साली तिसरा पूल खुला झाला आहे, आणि जुवारीच्या नव्या रुंद पुलाचा एक भाग डिसेंबर २०२२ मध्ये व दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. पुलांनी वेळ वाचविला, ह्याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. मात्र फेरीबोटीची एक गोष्ट विसरता येत नाही. ती प्रवाशाला थांबावयास लावी. कितीही घाई असली, तरी धक्क्यावर उभे राहावे लागे. रुंद पूल आणि चौपदरी महामार्ग कोणालाही थांबवीत नाहीत. तेथे थांबणे, सावकाश जाणे, हे माणसाने आपल्या मनाने ठरवावयाचे असते.

मडगावहून येणाऱ्या विद्यार्थ्याचीच गोष्ट घ्या. बस त्याला कुठ्ठाळीवरून पुलापलीकडे आगशीला आणते आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ वर बांबोळीला सोडते. महामार्ग येथून पणजीकडे जातो. विद्यापीठ मात्र डावीकडे, दोनापावलच्या वाटेवर, आणखी काही किलोमीटर आत आहे. ह्या शेवटच्या तुकड्यातच सगळी अडचण आहे. तेथे वेळेवर दुसरी बस मिळाली तर ठीक. न मिळाली तर उन्हापावसात तिष्ठत राहणे, कोणाच्या तरी गाडीमागे बसणे किंवा मोटारसायकलवाल्या पायलटला गाठणे, एवढेच मार्ग उरतात. चार दिवस वर्गात उशिरा पोहोचल्यावर मुलगा घरी सांगतो, की बसने जमत नाही, मला स्कूटर घेऊन द्या. शेवटच्या चार किलोमीटरांसाठी घेतलेली ती स्कूटर मग सगळ्या तीस किलोमीटरांवर धावू लागते. धोक्याचा आरंभ येथे होतो. आपण तरुणांच्या बेफिकिरीला दोष देतो, आणि तो काही अंशी खराही आहे. पण पुष्कळदा त्या बेफिकिरीच्या आधी एक न आलेली बस असते.

आता थोडा हिशेब करू. वर्षाला अध्यापनाचे दिवस दोनशे धरले, तर जाणे आणि येणे मिळून चारशे प्रवास होतात. पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन वर्षांत आठशे. एका वेळचे अंतर तीस किलोमीटर धरल्यास ही एकूण २४,००० किलोमीटरांची मजल होते. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे आपले मूल पदवी घेईपर्यंत दुचाकीवर बसून अर्ध्याहून अधिक पृथ्वीप्रदक्षिणा घालते, आणि तीही ट्रक, बस, मोटारी व गुरेढोरे ह्यांच्या गर्दीतून. एखादे मूल एवढ्या लांबच्या प्रवासाला एकदम निघाले असते, तर आपण त्याला किती सूचना दिल्या असत्या! तीच मजल तुकड्यातुकड्यांनी होते, म्हणून ती आपल्या नजरेला दिसत नाही.

रोजच्या प्रवासाचा खरा धोका हाच, की तो रोजचा असतो. एका फेरीत अपघात होण्याचा संभव अगदी अल्प असतो. म्हणून चुकीची शिक्षा लगेच मिळत नाही. वळणावर ओव्हरटेक केले आणि काही झाले नाही. हेल्मेट हातात अडकवून गेले आणि काही झाले नाही. असे शंभर वेळा झाले, की चूक ही चूक वाटेनाशी होते. शाळेत चुकीचे गणित लगेच लाल शाईने खुणावले जाते. रस्ता मात्र शंभर चुका तशाच सोडून देतो आणि एकशेएकाव्या चुकीला सगळ्यांचा हिशेब एकदम मागतो.

हा हिशेब किती मोठा आहे, ते केंद्र सरकारच्या अहवालावरून समजते. २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस ह्या वयोगटातील होती. म्हणजे शिकणारी, कमावणारी, घराचा भार उचलणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच ते एकोणतीस ह्या वयात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण एखादा रोग नसून रस्त्यावरचा अपघात हे आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडील बहुसंख्य अपघात घाटात किंवा अवघड वळणावर होत नाहीत. ते सरळ रस्त्यावर होतात. अवघड जागी माणूस सावध असतो. सरळ रस्त्यावर त्याचा वेग वाढतो आणि लक्ष उडते.

वेग म्हणजे काय, हे जरा शांतपणे समजून घेऊ. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे अकरा मीटर पुढे जाते. समोर काही आडवे आल्याचे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात सतरा मीटर संपलेले असतात. नंतर ब्रेक लागून वाहन थांबेपर्यंत, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असले तरी, आणखी बारा मीटर जातात. एकूण झाले सुमारे तीस मीटर. आता वेग दुप्पट करा, म्हणजे ताशी ऐंशी. कोणालाही वाटेल, की थांबण्याचे अंतर दुप्पट होईल. तसे होत नाही. विचार करण्यातच तेहेतीस मीटर जातात आणि ब्रेकचे अंतर दुप्पट न होता चौपट होते, म्हणजे जवळजवळ पन्नास मीटर. एकूण ऐंशी मीटरांहून अधिक. कारण वाहनाच्या अंगी असलेली शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा नियम नवव्या-दहाव्या इयत्तेच्या पुस्तकात असतो. मुले तो परीक्षेत बिनचूक लिहितात आणि रस्त्यावर नेमका विसरतात.

हेच दुसऱ्या रीतीने सांगता येईल. ताशी चाळीस वेगाने एखाद्या भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे सहा मीटर उंचीवरून, अर्थात दुसऱ्या मजल्यावरून, जमिनीवर पडणे होय. ताशी साठ वेगाला ही उंची चौदा मीटर होते. तो झाला चौथ्या-पाचव्या मजल्याचा सज्जा. ताशी ऐंशीला ती पंचवीस मीटर, म्हणजे आठवा मजला. आठव्या मजल्याच्या कठड्यावरून कोणी तरुण एका हाताने फोन कानाला लावून चालू लागला, तर खालचे लोक किंकाळ्या फोडतील. तोच तरुण बांबोळीच्या उतारावर तेच करीत जातो आणि कोणी वळूनही पाहत नाही.

आणि एवढे करून मिळते काय? तीस किलोमीटरांचे अंतर सरासरी ताशी पंचेचाळीस वेगाने चाळीस मिनिटांत कापता येते. सरासरी साठ ठेवता आली, तर तीस मिनिटांत. फायदा दहा मिनिटांचा. प्रत्यक्षात चौक, वळणे आणि गर्दी ह्यांमुळे तोही पदरात पडत नाही. ज्याने मध्ये जिवावर उदार होऊन चार बसगाड्या मागे टाकल्या, तो आणि मागून सावकाश येणारा, दोघेही पुढच्या चौकात शेजारी शेजारी उभे असतात. घरून दहा मिनिटे आधी निघणे हा ह्यावरचा साधा उपाय आहे. सकाळी दहा मिनिटे लवकर उठावयाचे म्हणजे आदल्या रात्री वेळेवर निजावयाचे. अर्धवट झोपेत गाडी चालविणाऱ्याचे डोळे उघडे असतात, पण पाहिलेले मनापर्यंत उशिरा पोहोचते. मघाशी आपण दीड सेकंद धरला, तो ताज्यातवान्या माणसाचा. पेंगुळलेल्याचा त्याहून अधिक. परीक्षेच्या दिवसांत जागरण करून पहाटे गाडी काढणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगावे. फोनवरच्या संदेशाकडे पाच सेकंद पाहिले, तर ताशी पन्नास वेगाला सुमारे सत्तर मीटर आपण डोळे मिटून गेलो, असे समजावे.

आता पावसाळ्याकडे वळू. कोकणपट्टीत शिक्षणाचे वर्ष आणि पाऊस हातात हात घालून सुरू होतात, म्हणजे नवशिका चालक आणि निसरडा रस्ता ह्यांची गाठ पहिल्याच महिन्यात पडते. पहिल्या सरी विशेष फसव्या असतात. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल, टायरांची भुकटी आणि धूळ ह्यांचा थर बसलेला असतो. थोडासा पाऊस पडला, की तो थर सुटून वर येतो आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. मुसळधार पावसाने तो धुऊन गेल्यावर पकड थोडी सुधारते. कडेची तांबडी माती वाहून डांबरावर पसरते, तीही चाकाला धरू देत नाही. रस्त्यावरचे रंगवलेले पांढरे पट्टे, पुलावरील लोखंडी सांधे आणि गटारांची झाकणे ही ओली असता त्यांवर ब्रेक दाबू नये, की हँडल वळवू नये. त्यांच्या आधीच वेग कमी करून सरळ पार व्हावे. खड्डा पाण्याने भरला की त्याची खोली दिसत नाही; डबक्यातून जाण्यापेक्षा मागचे पाहून त्याला वळसा घालणे बरे. पठारावर आणि पुलावर वारा आडवा येतो, आणि अंगावरचा रेनकोट शिडासारखा फुगतो. ह्याच दिवसांत गुरे कोरड्या जागेच्या शोधात रस्त्यावर येऊन बसतात; संध्याकाळी अंधारात काळी म्हैस दिसते ती अगदी जवळ गेल्यावरच.

ब्रेकचीही एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. वेग कमी करताना वाहनाचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. पुष्कळ जण पडण्याच्या भीतीने केवळ मागचाच दाबतात. त्यामुळे अंतर वाढते आणि मागचे चाक घसरते. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू वाढत्या जोराने दाबावेत. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना, लहान असतील तर दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची आणि मोठ्या असतील तर चाक अडकू न देणारी योजना सक्तीची झाली आहे. परंतु विद्यार्थ्यांच्या हाती येते ती बहुधा वडिलांची किंवा थोरल्या भावाची जुनी गाडी. तिचे ब्रेक आणि टायर पावसाळ्यापूर्वी मेकॅनिककडून तपासून घेणे हे पुस्तकांच्या खरेदीइतकेच आवश्यक आहे.

मोठ्या वाहनांपासून कसे राहावे, हेही शिकावे लागते. ट्रकचा किंवा बसचा चालक उंचावर बसतो. त्याच्या डाव्या अंगाला अगदी जवळ असलेली स्कूटर त्याला दिसत नाही. शिवाय लांब वाहन वळते, तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतल्या बाजूने जातात. वळणारी बस आणि रस्त्याची कड ह्यांच्या मधली फट क्षणाक्षणाला अरुंद होत असते, आणि घाईतला तरुण नेमका त्याच फटीत शिरतो. नियम सोपा आहे. चालकाचा आरसा आपणांस दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. अशा वेळी मागे राहावे.

शिरस्त्राण, ज्याला आपण सर्व हेल्मेट म्हणतो, त्याविषयी अजूनही वाद घालणारे लोक भेटतात. उकडते, केस विस्कटतात, मागचे ऐकू येत नाही, अशी कारणे सांगतात. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे, की हेल्मेटमुळे दुचाकीच्या अपघातात मृत्यूचा संभव सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा संभव सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. ते कसे, हेही सांगते. हेल्मेटची शक्ती वरच्या कठीण कवचात आहे, असा समज आहे. वास्तविक ती आतील फेसाच्या जाड थरात आहे. आघात होताच तो थर चेपतो आणि डोक्याला थांबण्यासाठी किंचित अधिक वेळ देतो. हा वेळ सेकंदाच्या शतांश भागांत मोजावा लागतो, पण मेंदू कवटीवर आदळू नये म्हणून तेवढाच पुरतो. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले, तरी आतील थर कामातून गेलेला असतो, ते बदलावे. हनुवटीखालचा पट्टा न बांधलेले हेल्मेट पहिल्याच हिसक्यात उडून जाते. २०२२ साली हेल्मेट न घातल्याने ५०,०२९ माणसे मेल्याची नोंद आहे, आणि त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेली होती. मागे बसणाऱ्याचे डोके चालकाच्या डोक्याहून कठीण नसते. कायद्यानेही दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे; ते नसल्यास हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द होण्याची तरतूद आहे.

आमच्या ख्रिस्ती घरांतून मूल प्रवासाला निघाले, की आई त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करते. हिंदू घरांतून "जातो" म्हणू देत नाहीत. "येतो" म्हण, असे सांगतात. दोन्ही रीतींमागचा जीव एकच आहे. मात्र आशीर्वाद दिलेल्या त्याच कपाळावर हेल्मेट चढले की नाही, पट्टा बांधला की नाही, हे उंबरठ्यावर उभे राहून पाहणे हाही त्या आशीर्वादाचाच भाग मानला पाहिजे. मूल परतण्याची आस ज्यांना आहे, त्यांनी एवढे पाहावेच.

स्कूटरपेक्षा बस पुष्कळ सुरक्षित, हे आकड्यांनी सिद्ध आहे. अपघाती मृत्यूंत बसमधील प्रवाशांचा वाटा दुचाकीच्या मानाने फारच अल्प असतो. पण बस म्हणजे बसच्या आतली जागा. दाराच्या पायरीवरची नव्हे. सकाळच्या गर्दीत पायरीवर लोंबकळणे, बस पुरती थांबण्यापूर्वी उडी टाकणे, उतरल्याबरोबर तिच्या पुढून धावत रस्ता ओलांडणे, ह्या तीन सवयींनी बसची सारी सुरक्षितता वाया जाते. बस निघून जाईपर्यंत थांबावे, दोन्ही बाजूंचे नीट दिसू लागल्यावर मगच ओलांडावे. चौपदरी महामार्गावर पलीकडच्या पदरातून किती वेगाने काय येत आहे, हे उभ्या बसच्या आडून दिसत नाही.

मुलींच्या वाटेवर आणखी एक भीती असते, आणि तिच्याविषयी घरात फार कमी बोलले जाते. ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा संपवून संध्याकाळी निघालेली मुलगी पठारावरच्या निर्जन थांब्यावर एकटी उभी असते. दिवा नसतो, बस केव्हा येईल ह्याचा भरवसा नसतो. अनोळखी वाहनात बसावे, की अंधारात थांबावे, अशी निवड तिच्यापुढे पडते. पुष्कळ मुली तिसरा मार्ग पत्करतात. त्या दुपारीच घरी परततात आणि ग्रंथालय सोडून देतात. ह्या नुकसानीची नोंद कोठल्याही पोलीस ठाण्यात होत नाही. मुलींनी गटाने निघावे, घरी वेळ कळवावी, आणि संकटसमयी ११२ हा क्रमांक लावावा, हे खरेच. पण दिवा, निवारा आणि वेळेवर येणारी बस ही त्यांच्या सावधगिरीची जागा नव्हे, तर समाजाच्या कर्तव्याची आहे.

म्हणून केवळ विद्यार्थ्यांना उपदेश करून आपली सुटका नाही. कदंब परिवहन महामंडळ १९८० सालापासून गोव्यात बसगाड्या चालवीत आहे आणि विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो. ह्या सोयीचा पुरा लाभ व्हावयाचा, तर विद्यापीठाचे वेळापत्रक आणि बसचे वेळापत्रक ह्यांनी एकमेकांशी बोलले पाहिजे. पहिला तास आठ किंवा नऊ वाजता असेल, तर त्याआधी बांबोळीहून आणि पणजीहून पठारावर जाणारी गाडी हवी. शेवटचा तास व ग्रंथालय संपल्यानंतर परतीची गाडी हवी. त्या चार किलोमीटरांची सोय पक्की झाली, तर पुष्कळशा स्कूटरी आपोआप घरी राहतील. पालकांनीही हिशेब करावा. स्कूटरची किंमत, पेट्रोल, विमा आणि दुरुस्ती ह्यांच्या बेरजेत काणकोण किंवा सत्तरीसारख्या दूरच्या मुलांना वसतिगृहात किंवा जवळच्या भाड्याच्या खोलीत निदान एक सत्र ठेवता येईल काय, हे पाहावे. दूरच्या मुलाचे रोजचे तीन-चार तास रस्त्यावर जातात. ते वाचले, तर अभ्यासाला आणि झोपेला मिळतील.

एवढी काळजी घेऊनही अपघात दिसलाच, तर काय करावे? प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जागा नेमकी सांगावी. मागून येणाऱ्या वाहनांना दुरूनच थांबवावे. जखमी माणसाची मान व पाठ हलवू नये. आग किंवा दुसऱ्या वाहनाचा धोका नसेल, तर त्याला उचलून रिक्षात कोंबू नये. श्वास चालू असेल, तर हेल्मेट ओढून काढू नये. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. पाणी पाजू नये. पोलिसांच्या आणि कोर्टाच्या भीतीने पुष्कळ लोक बघत उभे राहतात. ती भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम मान्य केले, आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने तसे कलमच घातले. मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. जखमीच्या उपचारांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च, अपघातापासून सात दिवस, रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही २०२५ साली लागू झाली आहे.

गोव्याच्या रस्त्यांच्या कडेला ठिकठिकाणी लहान क्रूस आहेत. काही जुने, वाटसरूंच्या रक्षणासाठी उभारलेले. काही त्याच जागी दगावलेल्या माणसाच्या स्मरणार्थ घरच्यांनी उभारलेले. त्यांवर झेंडूची माळ असते, कधी मेणबत्ती. जाता येता आपण हात जोडतो आणि "त्याचे तेवढेच आयुष्य होते" असे म्हणून पुढे जातो. ह्या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे. ज्या मृत्यूमागे न बांधलेला पट्टा, गुळगुळीत झालेले टायर, दहा मिनिटांची घाई आणि न आलेली बस असते, त्याचे ओझे दैवाच्या माथी मारणे रास्त नव्हे. ह्यांतील प्रत्येक गोष्ट माणसाच्या हातची आहे.

तेव्हा ह्या जूनमध्ये, प्रवेशाचा अर्ज भरून झाल्यावर, घरातील मंडळींनी मुलासह एक संध्याकाळ ह्या वाटेसाठी काढावी. कोणती बस, कोठे बदलावयाची, परतीची शेवटची गाडी कोणती, पावसात काय करावयाचे, उशीर झाल्यास कोणाला कळवावयाचे, हे एका कागदावर लिहून काढावे. शक्य असल्यास मुलाबरोबर ती वाट एकदा स्वतः जाऊन पाहावी.